पाळी जाण्याच्या वयातली पोटफुगी: संध्याकाळी गच्च होणाऱ्या पोटाचं काय करायचं

सकाळी नीट बसणारी परकराची नाडी संध्याकाळी करकचते, लेगिंग्जचं इलॅस्टिक कमरेवर वळ उठवतं आणि जेमतेम दीड पोळी खाऊन पोट डब्ब होतं. चाळिशीच्या उत्तरार्धातल्या बायका एकत्र जमल्या की हा विषय निघतोच. ठाण्याच्या लेडीज डब्यात निघतो, सोसायटीच्या भिशीत निघतो, हळदीकुंकवाला निघतो. उपायही तिथेच हातोहात मिळतात. कुणी ओवा सांगतं, कुणी त्रिफळा, कुणी इनो, कुणी म्हणतं गहू बंद करून टाक. यातले बरेच उपाय खरे आहेत, पण प्रत्येकीचं पोट एकाच कारणानं फुगत नाही. एकीचं पोट साफ होत नसतं, दुसरीच्या अंगात पाणी साठतं, तिसरीला कांदा सोसत नाही. म्हणून जावेला लागू पडलेला उपाय आपल्याला पडत नाही, आणि मग 'आता वयच झालं' म्हणून आपण गप्प बसतो. माझा आग्रह एवढाच आहे की आधी आपलं पोट कशानं फुगतं ते शोधा, मग उपाय करा, आणि एका वेळी एकच करा. महिना-दीड महिन्यात चित्र स्पष्ट होतं.

या वयात नेमकं काय बदलतं

आपल्याकडे सरासरी ४६-४७ व्या वर्षी पाळी कायमची जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर मानतात. पण पोटाचा त्रास बहुतेकींना त्याच्या आधीच, पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हा सुरू होतो. त्या काळात इस्ट्रोजेन एकदम चढतं, एकदम उतरतं. ते चढलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधी आठवडाभर अंगठी घट्ट व्हायची आणि पोट जड वाटायचं, तसंच आता होतं, फक्त ते कधी होईल याचा नेम राहत नाही. इस्ट्रोजेन आणि पाळीशी निगडित असलेलं दुसरं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन, या दोन्हींचा आतड्यांच्या हालचालीवर परिणाम होतो. आतडी मंद चालली की अन्न जास्त वेळ आत राहतं, जिवाणूंना ते आंबवायला जास्त वेळ मिळतो आणि वायू जास्त होतो.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. वयाबरोबर पोटाचे स्नायू सैल होतात, त्यामुळे तेवढाच वायू असला तरी पोट जास्त पुढे येतं. आणि रात्री अंगातून गरम वाफा निघून झोप मोडली की दुसऱ्या दिवशी आतडीही हळवी होतात. एरवी जाणवलाही नसता एवढा वायू मग दुखरा वाटतो. पोटफुगी असणाऱ्या पुष्कळ जणींच्या पोटात वायू इतरांपेक्षा फारसा जास्त नसतो, आतड्याला तो जास्त टोचतो. हे समजलं की श्वासाच्या व्यायामासारखा साधा उपाय का लागू पडतो तेही कळतं.

एक गल्लत मात्र नेहमी होते. या वयात मांड्या-नितंबांवरची चरबी पोटाकडे सरकते. ती पोटफुगी नव्हे, आणि ओव्यानं ती जात नाही. शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि रात्री झोपताना, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोजा. सकाळ-संध्याकाळमध्ये इंच-दोन इंचांचा फरक येत असेल तर पोट फुगतंय. दोन्ही वेळा आकडा तोच असेल तर प्रश्न चरबीचा आहे, त्याचा मार्ग वेगळा.

उपायांना हात घालण्याआधी

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण बाकी सगळ्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणं थेट गॅससारखी असतात. पोट फुगलेलं राहतं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं होतं, ओटीपोटात किंवा पोटात दुखतं, लघवीला वारंवार किंवा घाईनं जावं लागतं. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी सूचना काढणारी नाइस ही संस्था सांगते की अशी लक्षणं महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होत असतील, आणि त्यातून बाई पन्नाशीची किंवा त्यापुढची असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'आयबीएस', म्हणजे हळव्या आतड्याचा पोटदुखी-गॅसचा जुनाट त्रास, सुरू झाल्यासारखं वाटलं तरी ही शंका मिटवून घ्यायची असते. सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, सुरुवात एवढ्यावर होते. बहुतेकींचे रिपोर्ट चांगले येतात. पण ज्या थोड्यांचे येत नाहीत, त्यांचा वेळ 'गॅस आहे' म्हणण्यात जाऊ नये.

सकाळीसुद्धा न उतरणारं पोट, कारण नसताना घटणारं वजन, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा दिसलेला लाल डाग, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांची वाट बघू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

दुसरी गोष्ट छातीची. पाळी गेल्यावर बायकांना हृदयविकाराचा धोका वाढतो आणि तो पुष्कळदा 'गॅस धरलाय' अशाच रूपात येतो. छातीच्या मध्यावर किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, जबडा, खांदा, पाठ किंवा हात भरून येणं, धाप, मळमळ आणि दरदरून घाम. यातला घाम 'वाफा आल्या' म्हणून आणि दाब 'गॅस' म्हणून एकाच वेळी सोडून दिला जातो, म्हणून हे वय फसवं आहे. अशा वेळी ओवा चघळत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद

भिंतीवर कालनिर्णय असतंच. दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख आपण ज्या चौकोनात लिहितो, त्याच चौकोनात पोटाचीही नोंद करा. वही केली तर ती चार दिवसांत कपाटात जाते. कॅलेंडर ओट्यावरून दिसतं.

चौकोनात मावेल एवढंच लिहा. पोट किती फुगलं ते ० ते ३ असा आकडा, पोट साफ झालं असेल तर बरोबरची खूण, रात्री किती वाजता जेवलात ती वेळ, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही खाल्लं असेल तर एक शब्द: 'मिसळ', 'लग्न', 'उपास', 'राजमा'. पाळी अजून येत असेल तर तो दिवस गोल करा. या दोन आठवड्यांत खाण्यात मुद्दाम काही बदल करू नका.

मग कॅलेंडर समोर ठेवून बघा. शौच न झालेल्या दिवसांनंतर आकडा चढतो का? मग तुमचा प्रश्न मलावरोधाचा. जेवणानंतर दोन-चार तासांनी चढतो, काही पदार्थांनाच चढतो? मग वायूचा. पोटाबरोबर बोटं, पाय, डोळ्यांखालचा भाग सुजतो, वजन दोन दिवसांत किलोभर वाढून पुन्हा उतरतं? मग पाणी साठण्याचा. दोन कारणं एकत्र असू शकतात. तसं असेल तर आधी मलावरोध घ्या. तो सुटल्याशिवाय बाकीचं नीट कळतच नाही.

रात्रीचं जेवण

ठाणे-नवी मुंबईतल्या घरांचं रात्रीचं जेवण लोकलच्या वेळापत्रकावर चालतं. नवरा फोर्टातून साडेनऊला येतो, मुलगा ऐरोली-महाप्याच्या कंपनीतून दहाला, मुलगी क्लासवरून मध्येच. प्रत्येकाला गरम पोळी वाढून घरातली बाई साडेदहाला पानावर बसते. दुपारच्या जेवणानंतर तिचं खाणं म्हणजे साडेपाचचा चहा, दोन टोस्ट, भाजी चिरताना तोंडात टाकलेलं मूठभर फरसाण आणि चव बघायला घेतलेली आमटी. साडेदहाला भूक कडकडलेली असते, उरलेलं टाकवत नाही, घाईघाईत जेवण होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात ती आडवी होते. या बाईला कितीही बडीशेप दिली तरी तिचं पोट उतरणार नाही.

यात तीन गोष्टी एकदम बिघडतात. घाईत जेवताना घासाबरोबर हवा गिळली जाते. आडवं पडल्यावर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. आणि दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिल्यामुळे आतड्यांची स्वतःची झाडलोट होत नाही. पोट रिकामं असताना साधारण दर दीड ते दोन तासांनी आतड्यांतून एक जोरकस लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. चिवड्याचे चार दाणे खाल्ले तरी ती लाट थांबते.

म्हणून माझ्या मते पहिला बदल हाच करावा. साडेसात-आठला तुम्ही जेवून घ्या. पोळ्या करून डब्यात ठेवा, ज्याचा तो वाढून घेईल. घरचे आले की त्यांच्याबरोबर पेलाभर कोमट पाणी घेऊन बसा, गप्पा मारा. पहिले आठ दिवस सगळ्यांना चुकल्यासारखं वाटेल, तुम्हाला सर्वांत जास्त. सासूबाई घरात असतील तर त्यांनाही आपल्याबरोबर बसवा, त्यांच्या वयाला तर ते जास्तच मानवतं. स्वतःच्या पोटासाठी वेळेवर जेवणं यात कुणाचं काही हिरावून घेतलं जात नाही. जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास ठेवा, आणि दोन खाण्यांमध्ये तीन-चार तास पाणी आणि एखादा चहा सोडला तर तोंडात काही टाकू नका.

नोकरी करणारीला आठला जेवणं जमत नाही. तुम्ही स्वतः आठच्या गाडीला लटकलेल्या असाल, तर सहाला ऑफिसातच खरं खाणं खा: डब्यात जास्तीची अर्धी भाकरी-भाजी, दहीपोहे किंवा उकडलेलं अंडं. मग घरी आल्यावर नऊला मऊ मुगाच्या डाळीची खिचडी, नाहीतर भात आणि पातळ वरण, एवढंच. मोठं जेवण दुपारी, छोटं रात्री.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला. तलावपाळीला एक फेरी, उपवनच्या काठानं, नेरुळच्या ज्वेलला, खारघरच्या सेंट्रल पार्कात, जे जवळ असेल तिथे. जूनपासून चार महिने बाहेर पडणं मुश्कील होतं, तेव्हा सोसायटीच्या पोडियमवर किंवा मजल्याच्या पॅसेजमध्ये चाला. दुपारी घरी असाल तर वामकुक्षीची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. डाव्या कुशीवर पडलं की जठरातलं आम्ल घशाशी कमी येतं. पण वीस मिनिटं, आणि जेवणानंतर थोडं बसून मग.

कडधान्यं, कांदा, गहू, दूध

वायूचा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी हा भाग.

'कडधान्यं वातूळ' म्हणून ती बंद करू नका. पाळी गेल्यावर स्नायू झपाट्यानं कमी होतात आणि शाकाहारी बाईला प्रथिनं मुख्यतः डाळी-उसळींतूनच मिळतात. सोडायची आहे ती चुकीची रीत. राजमा, छोले, चवळी, वाल यांत काही साखरा अशा असतात की त्या माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाहीत. मोठ्या आतड्यात गेल्यावर जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. या साखरा पाण्यात विरघळतात. म्हणून कडधान्य आठ ते बारा तास भिजवायचं आणि ते पाणी फेकायचं. 'सत्त्व जाईल' म्हणून त्याच पाण्यात शिजवणाऱ्यांना त्रास होणारच. मोड आणले की या साखरा आणखी कमी होतात. वालाचं बिरडं करणाऱ्या आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच शिजवायच्या. या सगळ्या खटपटीत पोटाची सोय होती. मोड आलेलं कडधान्य कच्चं कोशिंबिरीत खाऊ नका, वाफवा किंवा उसळ करा, आणि कुकरमधून बोटानं चेपेल इतकं मऊ काढा. सुरुवात मूग आणि मसूर यांच्या अर्ध्या वाटीनं. राजमा-छोले दुपारीच, रात्री नाही.

कांदा-लसूण हे मराठी स्वयंपाकातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. त्यांतही न पचणारी एक साखर भरपूर असते, फ्रुक्टान. गव्हातही तीच असते. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठानं आतड्यात आंबणाऱ्या अशा साखरांचा सखोल अभ्यास करून फॉडमॅप नावाची आहारपद्धत तयार केली, तिच्यात कांदा, लसूण आणि गहू हे पहिल्या ओळीत आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत ही परीक्षा दरवर्षी आपोआप होते. श्रावणात पोट हलकं वाटतं असं ज्यांना जाणवतं, त्यांनी ते देवाधर्माबरोबर फोडणीकडे बघूनही समजून घ्यावं.

घरी परीक्षा अशी करा. दोन आठवडे कांदा-लसूण पूर्ण बंद. चव जाऊ नये म्हणून लसणाच्या चार-पाच ठेचलेल्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्या तेलात फोडणी करा. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरा. चिमूटभर हिंग घाला, पण बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा डबीवरचं वाचून घ्या. आकडा उतरला तर कांदा थोडा थोडा परत आणा आणि आपली मर्यादा ठरवा. आयुष्यभर सोडायची गरज सहसा पडत नाही. बऱ्याच जणींना भाजीतला परतलेला कांदा चालतो, पण मिसळीवरचा मूठभर कच्चा कांदा चालत नाही.

मग पुढचे दोन आठवडे गहू. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भात. मात्र गव्हानं जुलाब, वजन घटणं, रक्त कमी होणं असं काही होत असेल तर गहू सोडण्याआधी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. आधीच गहू सोडला तर तपासणीत काही सापडत नाही.

दूध हा तिसरा संशयित. दिवसातले चार चहा दुधाचे, रात्री हळदीचं दूध, आणि पोट गुडगुडतं. वयाबरोबर दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं. दहा-बारा दिवस दूध बंद करून दही आणि पातळ ताक घेऊन बघा, ते बहुतेकींना सोसतं. दूध सोडलं तर कॅल्शियमची सोय लावायलाच हवी, पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, मांदेलीसारखी काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी, दही, यांतून बरंच जमतं.

फळांचं थोडक्यात: सफरचंद, कलिंगड आणि आंबा पोट फुगवू शकतात, पपई, संत्रं, पिकलेला पेरू सहसा त्रास देत नाहीत. आंब्याच्या दिवसांत एका वेळी अर्धा हापूस, जेवणावर रसाच्या दोन वाट्या नव्हेत. आणि मधुमेहासाठी शुगर-फ्री गोळ्या, बिस्किटं, च्युइंगगम खात असाल तर त्यांत गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल हे वायूचं खात्रीचं कारण आहे.

पोट साफ होण्यासाठी

घोडबंदरच्या आणि खारघरच्या नव्या टॉवरांत सगळीकडे कमोड आले. उकिडवं बसलं की गुदद्वाराजवळचा आतड्याचा कोन सरळ होतो, कमोडवर तो मुडपलेला राहतो आणि जोर करावा लागतो. उपाय घरातच आहे. वीतभर उंचीचा स्टूल, नाहीतर एकावर एक ठेवलेले दोन पाट, पायांखाली घ्या. गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, कोपर मांडीवर, पाठ थोडी पुढे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही हे जमतं.

दुसरं म्हणजे वेळ. सहा वाजून अमुक मिनिटांची गाडी गाठायची म्हणून शौचाची भावना दाबायची, आणि स्टेशनवर स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. आपल्याकडच्या नोकरदार बायकांच्या मलावरोधाचं हे अगदी उघड कारण आहे, आणि बायकांच्या तब्येतीवर बोलताना ते कुणी धरत नाही याचा मला राग येतो. निघण्याआधी वीस मिनिटं लवकर उठून कोमट पाणी, थोडं खाणं आणि मग पाच-सात मिनिटं शांतपणे बसणं, हे रोज एकाच वेळी करा. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्या. पाणी ऑफिसात पोचल्यापासून निघायच्या तासभर आधीपर्यंत वाटून प्या. दिवसाचं दोन-सव्वादोन लिटर व्हायला हवं.

चोथा हवा, पण हळूहळू. एका दिवसात ओट्स, कोशिंबीर आणि जवस सगळं सुरू केलं तर पोट आणखी फुगेल. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा: पहिल्या आठवड्यात दुपारी एक शिजवलेली पालेभाजी जास्त, दुसऱ्या आठवड्यात पेरू किंवा पपई, तिसऱ्यात जवसाची चटणी दोन चमचे. तरीही नाही जमलं तर रात्री एक चमचा इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच घट्ट बसतं. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल एकत्र नको. गोळी सकाळी, इसबगोल रात्री. बाजारातल्या बऱ्याच रेचक चूर्णांत सोनामुखी असते. ती कधीतरी ठीक, पण रोज घेऊ नका, मुरडा येतो आणि तिच्याशिवाय भागेनासं होतं.

मीठ आणि साठलेलं पाणी

बोटं-पाय सुजणाऱ्यांनी मीठ बघावं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. आपलं मीठ भाजी-आमटीतून येतंच, पण लपून येतं ते पापड, लोणचं, फरसाण, सुके बोंबील, खारवलेली मासळी आणि सोडा घातलेला ढोकळा यांतून. पापडात मीठही असतं आणि पापडखारही. गॅससाठी वारंवार सोडा किंवा इनो घेणाऱ्यांच्या पोटात सोडियमच जातं. रक्तदाब असेल तर ती सवय मोडाच. ताकात काळं मीठ घालायचं तर तेही मीठच, हे लक्षात ठेवा. पंधरा दिवस जेवणातून पापड-लोणचं काढा, आणि अंगठी सैल होते का बघा. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून.

फुगलंच आहे, आत्ता काय?

आधी नाडी सैल करा. मग वीस मिनिटं सावकाश चाला. मग पाठीवर झोपून एक एक गुडघा छातीशी आणा, शेवटी दोन्ही: पवनमुक्तासन. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर मांडीमागून धरा.

तरी उतरलं नाही तर तेलाचा हात लावून पोट चोळा, पण दिशा महत्त्वाची. उजव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाजवळून सुरुवात, वर बरगडीपर्यंत, मग आडवं डावीकडे, मग डाव्या बाजूनं खाली. मोठं आतडं तसंच जातं. पाच मिनिटं पुरे. त्यानंतर गरम पाण्याची पिशवी.

श्वासाचा व्यायाम हळव्या आतड्याला फार उपयोगी आहे. एक हात छातीवर, एक बेंबीवर. चार मोजत नाकानं श्वास घ्या, फक्त खालचा हात वर आला पाहिजे. सहा मोजत सोडा. पाच-सात मिनिटं. पोट फुगलेल्या पुष्कळ जणींचा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा नकळत खाली दाबलेला राहतो आणि पोटाची भिंत पुढे सैल पडते. या श्वासानं ती घडी सुटते.

प्यायला: चमचाभर बडीशेप किंचित कुटून कपभर उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळून घोट घोट प्या. किंवा पाव चमचा ओवा कोमट पाण्याबरोबर. आल्यानं जठर लवकर रिकामं होतं, म्हणून जेवण अंगावर आल्यासारखं वाटत असेल तेव्हा आल्याचा बारीक तुकडा चांगला. पुदिना आतड्याचा पीळ सोडवतो, पण छातीत जळजळ, करपट ढेकर असतील तर तो टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हिंग, आलं, जवस यांचा औषधासारखा मारा नको. जिरा सोडा किंवा लिंबू सोडा पिऊन ढेकर येते म्हणून बरं वाटतं, पण ती ढेकर पुष्कळदा बाटलीतल्याच वायूची असते.

उपास आणि गोळ्या

संकष्टी, एकादशी, नवरात्र, आणि पन्नाशीत तर उपास वाढतात. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाही आणि दाण्याचं कूट-तूप भरपूर, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोट गच्च. 'एकादशी दुप्पट खाशी' टाळायचं तर वरीचे तांदूळ आणि ताक, पपई, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, असा उपास करा. पाणी सोडू नका.

आता औषधाचा डबा उघडून बघा. लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम कार्बोनेट यांनी मलावरोध होतो. कॅल्शियम सायट्रेट त्या मानानं सोसतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनं वायू आणि जुलाब होऊ शकतात, ती जेवणाबरोबर घ्यायची असते. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनं पाय सुजू शकतात. संप्रेरकांच्या गोळ्या नव्यानं सुरू केल्या असतील तर पहिले दोन-तीन महिने पोट फुगू शकतं. यातली कोणतीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायची.

डॉक्टरांकडे जाताना

सहा आठवडे नीट करूनही आकडा उतरला नाही, तर तपासणी करा. आधी सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर एवढंही थांबू नका. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. स्वतःच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. कॅलेंडरची पानं फाडून नाही, मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, चूर्णाच्या डबीसकट, पिशवीत घ्या.

'गॅस होतो' एवढंच सांगितलं तर आम्लपित्ताची गोळी मिळून परत याल. सांगायचं ते असं: पोट किती महिन्यांपासून फुगतंय, महिन्यातले किती दिवस, सकाळी उतरतं की नाही, थोडं खाऊन भरतं का, लघवीची सवय बदलली का, पाळी शेवटची कधी आली, आणि घरात आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही मागा. थायरॉइड मंदावला तरी पोट असंच जड होतं आणि मलावरोध होतो. पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी सांगितली तर सहसा सहा तास उपाशीपोटी आणि लघवी भरलेली असताना बोलावतात. नंबर लागायला उशीर होतो आणि पाणी पिऊन ताटकळावं लागतं, म्हणून वेळ घेताना सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, आणि जाण्याच्या तासभर आधी पाणी पिऊन निघा.